पाऊण टक्का वारा

शाळेत शेवटच्या बाकावर बसून पेनाच्या टोपणात फुंकर न मारलेला माणूस मराठी मुलखात शोधावा लागेल. टोपण खालच्या ओठाला टेकवायचं, फुंकर त्याच्या काठावर तिरकी पाडायची, की सुरी फिरवल्यासारखी शिट्टी निघते आणि फळ्याकडे तोंड करून उभे असलेले गुरुजी गर्रकन वळतात. शिट्टी कोणी वाजवली हे त्यांना कळत नाही, पण टोपणाची खोली मोजायला मिळाली तर ती किती उंच स्वरात वाजली असेल हे ते गणिताने सांगू शकतील. एका टोकाला बंद असलेल्या नळीत हवा कंप पावू लागली, की लाटेची लांबी नळीच्या चौपट होते. टोपणाची आतली खोली साडेपाच सेंटिमीटर धरा. लाट झाली बावीस सेंटिमीटरची. तीस अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला ३४९ मीटर धावतो. भागाकार केला की सेकंदाला साधारण सोळाशे कंपनं येतात. बहुतेक गायिकांच्या आवाक्याबाहेरचा हा तार स्वर आहे, म्हणूनच तो वर्गभर टोचतो.

एका टोपणातून एकच स्वर निघतो. लांबी कमीजास्त असलेली पंचवीस टोपणं ओळीने उभी केली, प्रत्येकाच्या बुडाशी वारा पोचवला, वाऱ्याच्या वाटेत एकेक झडप बसवली आणि झडप उघडायला बोटाऐवजी विद्युतचुंबक लावला, की संगणकाच्या हुकमावर वाजणारा पाइप ऑर्गन तयार. जगभर अनेक हौशी लोकांनी गॅरेजमध्ये, माळ्यावर, बैठकीच्या खोलीत असे ऑर्गन बांधले आहेत. त्यांचं कौतुक होतं ते बहुधा संगणकामुळे. मला मात्र वाटतं, संगणक हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. तो एका रविवारच्या दुपारी उरकतो. वारा महिनोन्‌महिने छळतो. त्यामुळे या प्रकरणात संगणकाला जरा ताटकळत बसावं लागणार आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ‘ऑर्गन’ म्हटलं की आठवतो संगीत नाटकातला पायपेटीवजा ऑर्गन. तिसरी घंटा होते, पडद्यामागून उदाचा वास येतो आणि नांदीचा सूर तो भरून देतो. त्याच्या पोटात नळी एकही नसते. असतात त्या पितळेच्या पातळ पट्ट्या, म्हणजे आपल्या हार्मोनियममधले सूर. फरक एवढाच की हार्मोनियमचा भाता हवा बाहेर ढकलतो, आणि त्या ऑर्गनमध्ये बहुधा हवा आत ओढली जाते, त्यामुळे सूर मऊ येतो. पाइप ऑर्गनचं कूळ वेगळं. तो बासरीच्या घराण्यातला. खरा पाहायचा असेल तर मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथीड्रलमध्ये जावं. सूर ऐकण्याआधी तिथे छातीशी काहीतरी हलल्यासारखं वाटतं.

आपला ऑर्गन त्या मानाने खेळणं म्हणावा इतका लहान. मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून दोन सप्तकं वर, म्हणजे पंचवीस स्वर. पांढरी एकची कंपनं सेकंदाला २६१.६. दोन्ही टोकांना उघडी नळी घेतली तर लाट नळीच्या दुप्पट असते, त्यामुळे नळी लागेल ६७ सेंटिमीटरची. तिचं वरचं तोंड बंद केलं, तर तोच स्वर निम्म्या लांबीत, म्हणजे ३३ सेंटिमीटर आणि वर चार मिलिमीटरमध्ये मिळतो. दोन सप्तकं वरच्या शेवटच्या नळीला सव्वाआठ सेंटिमीटर पुरतात. लाकूड वाचतं, जागा वाचते. किंमत मोजावी लागते ती आवाजाच्या रंगात. बंद नळीत मूळ कंपनांच्या तिप्पट, पाचपट असेच विषम उपस्वर उमटतात, दुप्पट आणि चौपट जवळजवळ गायब होतात. आवाज पोकळ, घुमणारा, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. घरासाठी मला हाच आवाज बरा वाटतो. उघड्या नळ्यांचा खणखणीतपणा दोन खोल्यांच्या घरात दुसऱ्या दिवशी नकोसा होईल.

नळी कशाची करावी यावर हौशी मंडळींत हिरिरीने वाद चालतात. युरोपातल्या चर्चमध्ये कथिल आणि शिसं यांच्या मिश्रणाच्या नळ्या असतात, मोठ्या नळ्या लाकडाच्याही. आवाज ठरवण्यात भिंतीच्या धातूपेक्षा आतल्या पोकळीची मापं आणि तोंडाची घडण यांचा वाटा कितीतरी मोठा. भिंत ताठ आणि गुळगुळीत असली म्हणजे झालं. प्लंबरच्या दुकानातली पीव्हीसीची नळी चालते, प्लायवुडच्या चार पट्ट्या चिकटवून केलेली चौकोनी नळी तर उत्तम. आणि बांबू? फिलिपिन्समध्ये मनिलाजवळ लास पिन्यास गावच्या चर्चमध्ये दिएगो सेरा नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने १८१६ मध्ये बांबू तोडून कामाला सुरुवात केली. कीड लागू नये म्हणून ते बांबू समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले होते, असं सांगतात. ऑर्गन १८२४ मध्ये पुरा झाला. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत, आणि तो आजही वाजतो. कोकणातल्या माणसाने हे वाचून परसातल्या बेटाकडे पाहावं, अशीच ही गोष्ट आहे.

जाडीचं गणित लांबीइतकं सरळ नाही. सप्तक चढलं की लांबी निम्मी होते, म्हणून रुंदीही निम्मी करावी असं वाटतं. तसं केलं तर वरचे स्वर किरटे आणि अशक्त निघतात. रुंदी सगळ्यांना एकच ठेवली तर खालचे स्वर चिरके आणि वरचे बोदे होतात. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या वायमारच्या योहान गॉटलोब ट्योप्फरने या दोन्हींच्या मधली वाट गणिताने बांधून दिली. तिच्यानुसार रुंदी निम्मी व्हायची ती तेराव्या नळीला नव्हे, सतराव्या नळीला. आपली पहिली नळी आतून ४० मिलिमीटर रुंद घेतली तर सतरावी २० आणि पंचविसावी १४ मिलिमीटरची. हा तक्ता भिंतीवर डकवून ठेवावा. करवत हातात असताना आकडेमोड चुकते.

खरी कसोटी नळीच्या तोंडाशी लागते. बुडातून आलेला वारा एका चिंचोळ्या फटीतून वर निघतो. फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. तिथून वाऱ्याचा पापुद्रा उसळतो आणि समोरच्या वरच्या ओठाच्या धारेवर जातो. तो ओठाच्या आत शिरला की नळीतली हवा दबते आणि त्याला बाहेर ढकलते, बाहेर गेला की आतला दाब घटतो आणि तो परत आत ओढला जातो. सेकंदाला २६२ वेळा ही ये-जा चालते. पापुद्र्याचा ताल नळीची लांबी ठरवते आणि नळीला हलतं ठेवतो तो पापुद्रा. दोघांचं जमलं तर स्वर. नाही जमलं तर नुसता फुस्स आवाज, किंवा मूळ स्वर सोडून भलतीकडे उडी. बंद नळी ही उडी थेट तिप्पट कंपनांवर मारते, म्हणजे वरच्या सप्तकातल्या पंचमावर.

फट आणि वरचा ओठ यांमधलं अंतर साधारणपणे तोंडाच्या रुंदीच्या पाव असावं. आपल्या पहिल्या नळीला १० मिलिमीटर. कमी ठेवलं तर स्वर तीक्ष्ण येतो आणि जरा दाब वाढताच उडी मारतो. जास्त झालं तर बोलायला आळशी, बसक्या घशाचा. म्हणून ओठ आधी खाली ठेवायचा आणि कानोसा घेत घेत पावपाव मिलिमीटर तासत वर न्यायचा. कापलेलं परत जोडता येत नाही. पहिल्या चारपाच नळ्या या शिक्षणात वाया जाणार हे धरूनच लाकूड आणावं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा घोडीवर कानस फिरवतात, थांबतात, तार छेडतात, पुन्हा फिरवतात. शेवटचा हात कुठे थांबवायचा हे पुस्तकात सापडत नाही. ऑर्गनच्या नळीचंही तसंच. फटीच्या कडेला बारीक खाचा पाडून फुसफुस कमी करायची, तोंडाच्या दोन बाजूंना लाकडी कान चिकटवून स्वर स्थिर करायचा, अशा खुब्या आहेत. पण त्याही हातानेच शिकायच्या.

आता वारा.

ऑर्गनच्या वाऱ्याचा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात. गवंडी पातळी काढायला वापरतो ती पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवायची, अर्धी पाण्याने भरायची, एक टोक वाऱ्याच्या पेटीला जोडायचं. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जो फरक पडेल तो दाब. आपल्यासारख्या छोट्या ऑर्गनला ७५ मिलिमीटर पुष्कळ. तुमच्या-आमच्या डोक्यावरचं वातावरण पाण्याची १०,००० मिलिमीटरहून उंच धार तोलून धरतं. त्यापुढे ७५ म्हणजे पाऊण टक्का. एवढ्यावर सगळा सोहळा चालतो. पण हा पाऊण टक्का फटीतून सुटतो तेव्हा त्याचा वेग हिशेबाने सेकंदाला ३५ मीटर भरतो, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटर. वादळी वारा, फक्त कागदाच्या पाच-सहा पानांइतका जाड.

पहिली नळी या हिशेबाने सेकंदाला ०.७ लिटर हवा पिते, शेवटची पाव लिटर. दहा नळ्या एकदम वाजल्या तर सेकंदाला चार-पाच लिटर. आपण स्वस्थ बसलेले असताना एका श्वासात जेमतेम अर्धा लिटर घेतो. म्हणजे हवा पुष्कळ हवी आणि दाब अगदी थोडा. इथे पुष्कळजण पहिली चूक करतात आणि घरातला व्हॅक्युम क्लीनर उलटा जोडतात. त्याचा दाब गरजेच्या कितीतरी पट आणि किंकाळी अशी की नळ्या वाजताहेत की नाही ते कळू नये. कोळशाच्या भट्टीला वारा घालतात तसला, रुंद पात्यांचा छोटा ब्लोअर बरा. तोही फोम लावलेल्या खोक्यात कोंडायचा, जमलं तर शेजारच्या खोलीत ठेवून जाड नळीने वारा आणायचा.

वारा आला म्हणून काम संपत नाही. तो डळमळता असतो. एक स्वर धरून ठेवलाय, मध्येच नऊ स्वरांचा गुच्छ उघडला की दाब पडतो आणि धरलेला स्वर केविलवाणा खाली घसरतो. विजेचा दाब कमी झाल्यावर पंखा जसा मान टाकतो, तसा. नवा ऑर्गन तपासायला योहान सेबास्टियन बाख गेला, की आधी सगळ्या नळ्या उघडून पूर्ण ताकदीने वाजवायचा आणि गमतीने म्हणायचा, याची फुप्फुसं धड आहेत का ते आधी पाहू. बांधणाऱ्यांचे चेहरे तेव्हा उतरत असावेत.

उपाय मात्र बाखहूनही जुना, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. अलेक्झांड्रियात क्टेसिबियस नावाचा यंत्रकार होता, न्हाव्याचा मुलगा. त्याने पाण्याच्या टाकीत एक घंटा उपडी ठेवली आणि तिच्यात पंपाने हवा भरली. हवा आत शिरली की घंटेतलं पाणी बाहेर ढकललं जाई आणि टाकीतली पातळी चढे. हवा वापरली गेली की ते पाणी स्वतःच्या वजनाने परत आत रेटे. पंप थांबत-थांबत मारला तरी नळ्यांना वारा एकसारखा मिळे. हाच पहिला ऑर्गन. रोमन लोकांनी तो सर्कशीपासून घराघरांपर्यंत नेला. बुडापेस्टमधल्या अक्विंकम या जुन्या रोमन वसाहतीत १९३१ मध्ये इसवी सन २२८ मधल्या एका ऑर्गनचे अवशेष मिळाले. त्याला चार ओळींत ५२ नळ्या होत्या, आणि तो कोणाला भेट दिला होता, तर गावच्या आग विझवणाऱ्यांच्या संघाला. बंबवाल्यांना ऑर्गन कशाला हवा होता हे कोणी विचारू नये, आपल्याकडे पोलिसांचं बँडपथक असतंच.

आपण टाकीऐवजी विटा वापरायच्या. चाळीस बाय पन्नास सेंटिमीटरच्या दोन फळ्या, मध्ये रेक्झिनचा घड्या पडणारा भाता. खालची फळी पक्की, वरची सरळ वर-खाली होणारी. या हिशेबातली एक गोष्ट मला फार आवडते. पाण्याचा एक मिलिमीटर दाब म्हणजे एका चौरस मीटरवर बरोबर एक किलो. आपली फळी चौरस मीटरचा पाचवा हिस्सा आहे. ७५ मिलिमीटर हवेत तर ७५ भागिले पाच, पंधरा किलो ठेवा, संपलं. चार विटा आणि फळीचं स्वतःचं वजन. दाब वाढवायचा असेल तर अर्धी वीट आणखी. वरची फळी पुरेशी उचलली गेली की तिला बांधलेली दोरी ब्लोअरच्या वाटेवरचा पडदा ओढून वाट बंद करते, खाली बसू लागली की पडदा सैल पडतो. फळी १५ सेंटिमीटर वर असेल तर भात्यात ३० लिटर हवा असते, ब्लोअर बंद पडला तरी दहा नळ्यांना सहा-सात सेकंद पुरणारी. म्हणजे गाणं लगेच तुटत नाही, पण दमेकऱ्यासारखं संपतं. गळती शोधायला उदबत्ती घ्यावी. सांध्याजवळ धूर हलला की तिथे फेव्हिकॉल आणि कातड्याची पट्टी.

वाऱ्याचं महत्त्व कोणाला पटत नसेल तर जर्मनीतल्या हाल्बरश्टाट गावी जे चाललंय ते सांगतो. जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची एक रचना आहे, शक्य तितकी सावकाश वाजवायची. तिथल्या जुन्या चर्चमध्ये ती ५ सप्टेंबर २००१ ला सुरू झाली आणि २६४० मध्ये संपायची आहे. स्वर बदलतो तो काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी, आणि तोवर पट्ट्या वाळूच्या पिशव्यांनी दाबून ठेवलेल्या असतात. रचनेची सुरुवातच विरामाने होते, त्यामुळे पहिले सतरा महिने तिथे आलेल्या लोकांनी ऐकला तो फक्त भात्यात भरणारा वारा.

झडपेकडे येऊ. भाता वारा पाठवतो तो एका लांब पेटीत, आणि पेटीच्या झाकणावर नळ्या उभ्या. प्रत्येक नळीखाली १६ मिलिमीटरचं भोक, आतून फेल्ट आणि मऊ कातडं लावलेली चकती त्यावर दाबून बसलेली. वारा स्वतःच ती दाबून धरतो. किती जोराने? पंधरा ग्रॅमच्या वजनाइतका. दहा-दहा रुपयांची दोन नाणी उचलण्याइतकी ताकद लावली की झडप उघडते. चकती हलायला हवी तीही फक्त चार मिलिमीटर. भोकाच्या व्यासाच्या पाव अंतरावर चकती गेली, की कडेने मोकळी झालेली जागा भोकाएवढीच होते आणि त्यापुढे उचलून काही फायदा नसतो. छोटा सोलेनॉइड, म्हणजे आपला विद्युतचुंबक, हे सहज करतो.

एवढंसं काम हाताने करताना मात्र माणसं मेटाकुटीला आली होती. मोठ्या ऑर्गनमध्ये एका पट्टीला लाकडी दांड्यांनी अनेक झडपा बांधलेल्या असतात, आणि एकेकीचे ग्रॅम साठत जाऊन बोटांचा घाम निघतो. पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या चर्चमध्ये आरिस्तीद काव्हाये-कोलने १८४१ मध्ये पुऱ्या केलेल्या ऑर्गनमध्ये चार्ल्स बार्करची युक्ती वापरली. पट्टीने फक्त एक छोटा भाता फुगवायचा आणि जड दांडी ओढायची ती त्या भात्याने. नंतर विजेचे चुंबक आले, आणि बोट व झडप यांच्यात तारेशिवाय काही उरलं नाही. संगणकाला शिरायला वाट तेव्हाच मोकळी झाली होती, संगणक जन्मायच्या कितीतरी आधी.

आणि माणसाशिवाय वाजणारा ऑर्गन ही कल्पना तर त्याहून जुनी. नवव्या शतकात बगदादच्या बनू मुसा भावंडांनी खुंट्या ठोकलेल्या फिरत्या नळकांड्याने आपोआप वाजणाऱ्या वाद्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. मोत्सार्टने १७९० आणि १७९१ मध्ये यांत्रिक ऑर्गनसाठी रचना केल्या, पैशासाठी आणि कुरकुरत. १८९२ मध्ये पॅरिसच्या गाव्हिओलीने नळकांडं काढून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याची घडीची पुस्तकं आणली. भोक आलं की स्वर वाजतो, गेलं की थांबतो. टिपू सुलतानाच्या लाकडी वाघाच्या पोटातही एक छोटा पाइप ऑर्गन आहे, १८ स्वरांचा. तो वाघ आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. इंग्रज शिपायाच्या उरावर बसून गुरगुरणारं ते वाद्य मला चर्चमधल्या कोणत्याही ऑर्गनपेक्षा जास्त हिंदुस्थानी वाटतं.

पुठ्ठ्यातल्या भोकाचं आजचं रूप म्हणजे मिडी. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडले आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यावर वाजलं. यामागे अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधल्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी होते. त्यांनी ठरवलेली भाषा इतकी साधी की चाळीस वर्षांनंतरही तिच्यावाचून अडतं. एका स्वरासाठी तीन बाइट. १४४ म्हणजे ‘वाजव’. ६० म्हणजे मधली पांढरी एक, ६१ काळी एक, असं वर चढत जायचं. तिसरा आकडा पट्टी किती जोरात दाबली ते सांगतो. ऑर्गनला तो कवडीमोल. झडप उघडी तरी असते किंवा बंद तरी, आणि पट्टीवर मूठ आपटली तरी नळी तेवढ्याच आवाजात बोलते. तीनातला हा बाइट शून्य असेल तर ‘थांब’ समजायचं, एरवी सरळ टाकून द्यायचा.

बाकीचं काम आर्डुइनोसारख्या हातावर मावणाऱ्या बोर्डाचं. आलेला आकडा ६० ते ८४ मध्ये असेल तर त्यातून ६० वजा करायचे, तितक्या क्रमांकाची झडप उघडायची. बोर्डाला पंचवीस चुंबकांसाठी पंचवीस पाय मोकळे नसतात, म्हणून ७४एचसी५९५ नावाच्या चिप वापरतात. तीन तारांवरून एकामागून एक आकडे घेऊन ती आठ वाटा उघडते. चार चिप, बत्तीस वाटा. पण तिची ताकद दिवा लुकलुकवण्यापुरती, आणि आपल्या एका चुंबकाला १२ व्होल्टवर ०.१२ अँपिअर लागतात. मध्ये यूएलएन २८०३ ही दणकट चिप बसवायची. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास या दोन्ही चिप कोणीही दुकानदार डोळे मिटून काढून देतो. सगळे स्वर एकदम उघडले तर तीन अँपिअर, म्हणून पाच अँपिअरचा पुरवठा घ्यावा.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. चुंबकाचा प्रवाह तोडला की गुंडाळी तो चालू ठेवायला धडपडते आणि क्षणभर शेकडो व्होल्टचा फटका मारते. तो फटका गिळायला यूएलएन २८०३ मध्ये डायोड आधीच घातलेले असतात, फक्त त्यासाठी दहा क्रमांकाचा पाय १२ व्होल्टला जोडावा लागतो. तो विसरणारे लोक नंतर ‘चिप बोगस निघाली’ म्हणत दुकानात परत येतात.

संगणक वेळेवर पोचतो का, ही शंका अगदीच निराधार. मिडी सेकंदाला ३१,२५० बिट पाठवतं, एक संदेश मिलिसेकंदाच्या आत येऊन धडकतो. वेळ लागतो नळीला. झडप उघडल्यावर तोंडाशी वारा जमणं, पापुद्रा स्थिरावणं, नळीतल्या हवेने ताल धरणं यात कितीतरी मिलिसेकंद जातात, खालच्या नळ्यांना जास्त. मजा म्हणजे यावर उपाय संगणकच करू शकतो. त्याला पुढचं गाणं माहीत असतं, म्हणून जाड नळीची झडप तो किंचित आधी उघडतो. वादक हे सवयीने करतात.

पहिल्या दिवशी लोक इंटरनेटवरून उतरवलेली कोणतीतरी मिडी फाइल लावतात आणि नळ्या वेड लागल्यासारख्या किंचाळतात. मिडीच्या सोळा वाहिन्यांपैकी दहावी ढोल-ताशांची. तिथे आकडा स्वर सांगत नाही, कोणतं वाद्य बडवायचं ते सांगतो. ती वाहिनी आधी गाळायची. आवाक्याबाहेरचे स्वर सप्तकाने खाली-वर आणायचे. एकच स्वर लागोपाठ दोनदा आला तर मध्ये झडप थोडा वेळ बंद ठेवायची, नाहीतर दोनाचा एक होतो. हे इतकंसं अंतर ऑर्गनवर फार मोलाचं. जोर बदलता येत नाही तिथे सगळा भाव स्वर कधी सुटतो यावर उभा असतो, आणि यंत्राने वाजवलेलं ऑर्गनसंगीत निर्जीव वाटतं ते बहुतेक याच ठिकाणी.

कधी ‘थांब’ हा संदेश वाटेतच हरवतो आणि एक नळी बोंबलत राहते. चर्चमधले लोक याला सायफर म्हणतात. त्यांच्याकडे तो झडपेखाली धूळ अडकल्याने होई आणि कोणीतरी शिडी लावून वर चढे. आपण सगळे स्वर बंद करणारं एक लाल बटण ठेवायचं. धूळही अडकणारच, तेव्हा शिडी फेकून देऊ नये.

उरलं स्वर लावणं. नळीच्या वरच्या टोकात कातडं गुंडाळलेला लाकडी गट्टू असतो. तो आत सरकवला की स्वर चढतो, बाहेर ओढला की उतरतो. यासाठीच नळी हिशेबापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लांब कापतात. मोबाइलवरच्या ट्यूनरने बारा समान भागांची स्वरपट्टी लावता येते, पण तशी लावलीच पाहिजे असा काही कायदा नाही. हार्मोनियमचा गंधार कानाला टोचतो ही तक्रार आपल्याकडे जुनी. षड्जाशी अगदी जुळलेला गंधार पेटीवरच्यापेक्षा अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाने खाली असतो. पट्टी तासल्याशिवाय तो पेटीवर येत नाही. आपल्या ऑर्गनवर मात्र गंधाराच्या नळीतला गट्टू फक्त दोन मिलिमीटर बाहेर ओढायचा. षड्ज पांढरी एक ठेवून सगळे स्वर असे जुळवून घेतले, की तंबोऱ्याबरोबर हे वाद्य इतकं गोड बोलतं की मींड नाही याचं वाईट वाटावं. षड्ज बदलायचा म्हटलं तर पंचवीस गट्टू पुन्हा हलवायचे. संगणक इथे काही मदत करत नाही.

आणि हवामान आहेच. हवा तापली की ध्वनी जोरात धावतो आणि नळीचा स्वर चढतो. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे बारा अंशांना लावलेला ऑर्गन मे महिन्याच्या दुपारी अडतीस अंशांना अर्ध्या स्वराच्या पाऊण भाग वर गेलेला असतो, पांढरी एक जवळजवळ काळी एक झालेली. सगळ्या नळ्या मिळून चढतात म्हणून ऐकणाऱ्याला कळत नाही. पण शेजारी हार्मोनियम ठेवली तर तिच्या पितळी पट्ट्या उन्हाळ्याला फारशा जुमानत नाहीत, आणि दोघांचं भांडण लागतं. ब्लोअर गच्चीतल्या उन्हात ठेवला असेल तर आणखीच गंमत. त्याची गरम हवा आधी वाजणाऱ्या नळ्यांत शिरते, न वाजलेल्या नळ्या थंड राहतात, आणि पाच मिनिटांत ऑर्गन आपल्याशीच बेसूर होतो. म्हणून ब्लोअरने हवा त्याच खोलीतली घ्यावी, पंखा बंद असावा, आणि स्वर लावायच्या आधी अर्धा तास नुसताच वारा सोडून बसावं. स्वर लावून झाले की ती तारीख आणि खोलीचं तापमान वाऱ्याच्या पेटीच्या झाकणाला आतून पेन्सिलीने लिहून ठेवावं. पुढच्या वेळी झाकण उघडेल ते बहुधा दुसऱ्याच ऋतूत.